पाय भरून येतात तेव्हा

यवतमाळहून दारव्ह्याला जाणारा रस्ता चाळीस किलोमीटरच्या आसपास भरतो. थोडं इकडेतिकडे धरलं तर ती एक मॅरेथॉनच. बोरी अरब याच वाटेवरचं गाव. या पट्ट्यात पहाटे पाचला रस्त्यावर येणाऱ्यांत दूधवाले असतात, शेताकडे निघालेली माणसं असतात आणि पळणारी पोरंपोरी असतात. कुणाला पोलिस भरतीचं ग्राउंड मारायचं असतं, कुणाला अग्निवीर व्हायचं असतं. अलीकडे त्यांच्यात आणखी एक मंडळी मिसळली आहे. हे मास्तर, दुकानदार किंवा बँकेतले बाबू. त्यांना जानेवारीत मुंबईला जाऊन बेचाळीस किलोमीटर पळायचं आहे.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मजेत जातात. मग आठवड्याची बेरीज साठ-सत्तर किलोमीटरवर पोचते आणि एका सकाळी पाय उचलत नाहीत. पिंडऱ्या ओढतात, मांड्या दगडासारख्या होतात, कालपर्यंत सोपी वाटणारी चढण अंगावर येते. सोबतचे म्हणतात, ‘रेट ना, काही होत नाही!’ घरचे म्हणतात, ‘राहू दे आज.’ दोघांचंही कधी ना कधी बरोबर असतं, आणि अडचण तीच आहे. लांब पल्ल्याच्या सरावात थकवा रेटावाच लागतो, नाहीतर शरीर पुढे सरकत नाही. पण जो रेटायचा आणि ज्याच्यापुढे थांबायचं, ते दोन थकवे वेगळे असतात आणि पहिल्या किलोमीटरला सारखेच दिसतात.

ओळखण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पहिली पंधरा मिनिटं अगदी सावकाश पळून बघणं. आठवड्याच्या ओझ्याने आलेला जडपणा बहुतेक वेळा अंग तापलं की विरघळतो. चौथ्या किलोमीटरला गप्पा सुरू झाल्या, पावलांचा ताल जमला, की तो थकवा रेटण्यासारखा होता असं समजावं. उलट पंधरा मिनिटांनंतरही नेहमीच्या सोप्या वेगाला धाप लागत असेल, जडपणा वाढत असेल, तर घरी फिरावं. त्या दिवशीचे उरलेले आठ किलोमीटर काही कमावून देणार नाहीत.

दुसरी खूण नाडीची. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजावेत आणि वहीत लिहावेत. घड्याळ महागडं असायची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांत स्वतःचा नेहमीचा आकडा कळतो. त्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त, तेही ओळीने तीन-चार दिवस, असं दिसलं तर शरीर अजून मागच्याच आठवड्याची थकबाकी फेडत आहे. त्यासोबत भूक मेली, दमूनही झोप लागेना, उगाच चिडचिड होऊ लागली, तर प्रश्न पायांपुरता राहिलेला नाही. अशा वेळी दोन-तीन दिवस पूर्ण सुट्टी आणि पुढचा आठवडा निम्म्यावर, हाच उपाय.

तिसरी खूण बोटाची. दुखणं सगळ्या पिंडरीभर पसरलेलं असेल तर ते बहुधा स्नायूंचं. पण नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारताना तिथेच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा जाण्याची ती सुरुवात असू शकते. भरतीची मुलं सगळ्याच नडगीदुखीला ‘शिनपेन’ म्हणतात आणि बाम चोळून पळतात. पसरलेल्या दुखण्याला वेग आणि अंतर कमी करून, मऊ मातीवर पळून आराम पडतो. एका बोटाच्या दुखण्याला डॉक्टरच लागतो. ते रेटणारा माणूस आठवड्याची सुट्टी वाचवतो आणि तीन महिने गमावतो.

आता वेगाबद्दल. विदर्भाला शकुंतला रेल्वेच्या संथपणाचे विनोद तोंडपाठ आहेत. यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्ह्यावरून जाणारी ती अरुंद रुळांची गाडी कुणाच्या घाईला कधी बधली नाही. मोठं अंतर पळणाऱ्याने आठवड्यातले बहुतेक दिवस शकुंतलेचा स्वभाव घ्यावा. केनियाच्या एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे २ मिनिटं ५२ सेकंद. आठवड्याला दोनशे किलोमीटरच्या घरात पळणारा हा माणूस सोप्या दिवशी किलोमीटरला चार-पाच मिनिटं सहज घेतो. आपल्याकडे मात्र किलोमीटरला सहा मिनिटांनी मॅरेथॉन पळू पाहणारा गडी रोजच पावणेसहाने धावतो आणि दम का टिकत नाही म्हणून विचारतो.

भरतीच्या पोरांचं तर आणखी वेगळं. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, म्हणून रोज तेच अंतर जीव तोडून पळायचं आणि रोज ‘टायमिंग’ लावायचं. पंधरवड्यात टायमिंग सुधारतं, मग अडतं, मग बिघडतं. न्यूझीलंडचा पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर जिंकला आणि १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० मीटर दोन्ही जिंकला. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्याच्याकडून आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत पळून घेत, तेही डोंगरवाटांनी. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी एवढं लांब पळणं तेव्हा अनेकांना विचित्र वाटलं होतं. भरतीच्या मुलांनी १६० किलोमीटर पळावं असं कुणी म्हणणार नाही. पण आठवड्यातून दोनच दिवस जोर लावावा आणि बाकीचे दिवस बोलता बोलता पळावं, एवढं तरी त्यातून उचलता येतं. सोप्या दिवसाची कसोटी साधी: सोबत्याला कालची सगळी गोष्ट न अडखळता सांगता आली पाहिजे.

अंतर किती वाढवायचं, याला ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो वाईट नाही, पण ब्रह्मवाक्यही नाही. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा टक्क्यांच्या बेताने वाढवणाऱ्या गटाला आणि नेहमीच्या वेळापत्रकाच्या गटाला जवळपास सारख्याच दुखापती झाल्या. २०२५ मध्ये ५,२०५ धावपटूंच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष जास्त कामाचा आहे. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखादी एकच धाव अचानक लांबवणं जास्त महागात पडतं. गेल्या तीस दिवसांतली सगळ्यात लांब धाव जेवढी, तिच्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त लांब धाव एका दमात घेतली की दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे रविवारी मित्राच्या नादाने अठराचे सव्वीस करणं, हा आपला आवडता पराक्रमच सगळ्यात घातक.

विश्रांतीच्या बाबतीत मराठी माणसाला बाहेर कुठे शिकायला जायचं कारण नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, वाट महिनाभराची असते. वारीत विसावा आणि मुक्काम आधीच ठरलेले असतात. वारकरी दमला म्हणून विसावा येत नाही. विसाव्याची जागा येते आणि ताजातवाना वारकरीही तिथे बसतो. पळणाऱ्यांचं उलटं असतं. अंगात बळ आहे तोवर सुट्टी नाही, मग एकदम आजारपण. तीन आठवडे वाढवत नेऊन चौथ्या आठवड्यात बेरीज पाऊणपटीवर आणावी, आणि तो आठवडा आधीच वहीत लिहून ठेवावा. छान वाटत असेल तेव्हाही तो पाळावा. तेव्हाच तो पाळणं अवघड असतं.

इथवरच्या गोष्टी जगात कुठेही लागू पडतील. यवतमाळ जिल्ह्यातल्या धावणाऱ्याचा थकवा मात्र पुष्कळदा रस्त्यावर सुरूच होत नाही. तो रक्तात असतो, नाहीतर शेतात.

रक्ताचं आधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! हिमोग्लोबिन नऊ असलेली मुलगी रोज पाच वाजता उठून मैदानावर येते, मागे पडते, आणि ‘स्टॅमिना नाही’ म्हणून तिला आणखी दोन राउंड दिले जातात. तिला राउंड नकोत, तपासणी हवी. मोठ्या अंतराचा सराव सुरू करण्याआधी आणि दर तीन-चार महिन्यांनी हिमोग्लोबिन बघावं. जमल्यास फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही बघावा. हिमोग्लोबिन ठीक असून साठा रिकामा असलेले धावपटू पुष्कळ भेटतात. गोळ्या तपासणीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, मनाने नाही. जेवणासोबतचा चहा मात्र आजच बंद करता येतो, कारण चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं, डाळ-भाजीवर लिंबू पिळावं. मुलींची पाळी सराव वाढल्यावर थांबली तर ‘बरंच झालं’ म्हणून सोडू नये. खाणं पळण्याला पुरत नसल्याची ती खूण असते आणि पुढे हाडांवर बेतते.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात हा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आहे. तपासणीच्या कागदावर ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. त्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय असा सराव करूच नये. ‘एएस’ म्हणजे वाहक. त्याला एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे पुष्कळांना आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. वाहकाने पळू नये असं अजिबात नाही. पण उन्हात, पाणी कमी प्यालेलं असताना, पुरेशी तयारी नसताना जीव तोडून एकामागून एक राउंड मारले, तर वाहक अचानक कोसळू शकतो. अमेरिकेत लष्करी भरतीचे जवान आणि कॉलेजचे खेळाडू असे दगावले आहेत, आणि तिथल्या वरच्या दर्जाच्या कॉलेज खेळांत २०१० पासून याची चाचणी घेतली जाते. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते, तेव्हा पळणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा करून घ्यावीच. वाहक असल्यास प्रशिक्षकाला आणि सोबत्यांना तसं सांगून ठेवावं, वेग हळूहळू वाढवावा, जोराच्या राउंडमध्ये भरपूर विश्रांती घ्यावी. पायांत एकदम बळच उरलं नाही असं वाटलं तर त्या क्षणी थांबावं. तिथे ‘रेट’ म्हणणारा मित्र, मित्र नाही.

लघवी काळपट, कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, छातीत दुखलं, उन्हात पळताना बोलणं बरळल्यासारखं झालं, तर थेट दवाखाना. बरळणाऱ्या माणसाला आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, गाडीची वाट बघत बसू नये. अंगात ताप असताना पळण्याचा विचारही नको.

आता शेत. पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकांत ‘सुट्टीचा दिवस’ असा एक रकाना असतो. बोरी अरबच्या शेतकऱ्याच्या पोराचा सुट्टीचा दिवस निंदणात, डवरणीत, नाहीतर कापूस वेचण्यात जातो. शरीराला शेतातले कष्ट आणि रस्त्यावरचे किलोमीटर वेगळे कळत नाहीत. दिवसभर वाकून वेचणी केली असेल तर तो दिवस मध्यम पल्ल्याच्या धावेइतका धरावा आणि दुसऱ्या दिवशी वेगाचं काम ठेवू नये. फवारणीच्या दिवशी तर पळूच नये. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली. फवारणीनंतर डोकं गरगरणं, मळमळ, अंधारी, नको इतका घाम हा पळण्याचा थकवा नव्हे, आणि लिंबूपाणी त्याचं औषध नव्हे.

कष्टाने कणखरपणा येतो, हेही तितकंच खरं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी लांबून पाणी आणायची, अनवाणी पळायची. २०१० मध्ये तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सहा किलोमीटर लांबच्या शाळेत चालत-पळत जायचा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि स्पर्धेसाठी पळायला लागला तो त्यानंतर, सैन्यात. सुरुवातीला त्याचं वजनही बरंच वाढलेलं होतं. पण त्याच्या कहाणीतलं २०१८ हे वर्ष सहसा कुणी सांगत नाही. त्या वर्षी दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. तो सावरला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाळ सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन मोडला. पुढे २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत, २०२३ मध्ये हांगझूला स्टीपलचेसचं आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला त्याच शर्यतीत ८ मिनिटं ९.९१ सेकंद. हुकलेली एक स्पर्धा या यादीत कुठे दिसतही नाही.

मग डोक्याचं काय? थकवा सगळा पायांत नसतो, हे आता प्रयोगांनीही दाखवलं आहे. २००९ च्या एका प्रयोगात माणसांना दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकल चालवायला लावली. हृदय, फुप्फुसं ठणठणीत असूनही ती एरवीपेक्षा सुमारे पंधरा टक्के आधी थांबली. रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत बसून पहाटे पाचला ग्राउंड मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. परीक्षेच्या आठवड्यात टायमिंग लावण्यात अर्थ नाही. दुसरा प्रयोग २००४ चा. सायकलस्वारांनी पिष्टमय द्रवाच्या नुसत्या चुळा भरल्या आणि थुंकून टाकल्या, तरी तासाभराच्या चाचणीत ते जवळपास तीन टक्क्यांनी वेगवान ठरले. पोटात काहीही गेलेलं नव्हतं. अन्न येतंय अशी वर्दी जिभेने मेंदूला दिली आणि मेंदूने ब्रेक सैल सोडला. लांब धावेच्या शेवटी पाय नाही म्हणतात, तेव्हा निदान काही वेळा बोलणारा मेंदू असतो.

त्याच्याशी बोलताही येतं. २०१४ च्या एका अभ्यासात स्वतःशी ठरवून बोलण्याचा दोन आठवडे सराव केलेल्यांनी दमून थांबेपर्यंतचा वेळ अठरा टक्क्यांनी वाढवला. वाक्यं छोटी, स्वतःची आणि ऐनवेळी आठवणारी हवीत. ‘त्या बाभळीपर्यंत’ यासारखी. उरलेलं अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये. विजेचे खांब मोजावेत, मोऱ्या मोजाव्यात. बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी १९२० मध्ये अँटवर्पला ऑलिम्पिक मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, आजच्या मॅरेथॉनपेक्षा साडेपाचशे मीटर जास्त. शेवटच्या खांबाशी कुरकुर करावीशी वाटली की ते जादाचे साडेपाचशे मीटर आठवायला हरकत नाही.

खाण्याबाबत थोडक्यात. दीड तासाहून लांब धावेत तासाला पिष्टमय किंवा गोड पदार्थांतून तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. गूळ, खजूर, केळं यांनी भागतं, परदेशी पुड्या फोडायलाच हव्यात असं नाही. पाणी तहानेप्रमाणे प्यावं. लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही जिवावर बेततं. घरी आल्यावर तासाभरात भाकर, वरण, भात, दाणे, दही यांतलं जे असेल ते भरपेट खावं. नुसत्या चहावर दहा वाजेपर्यंत राहणाऱ्याचे पाय दुसऱ्या दिवशी भरून येणारच. आणि झोप: पहाटे पाचला उठायचं तर रात्री नवाला मोबाइल बाजूला.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून सोळा आठवडे मागे मोजले तर सराव सप्टेंबरच्या शेवटाला सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच सोयाबीन सोंगणीला येतं. मग दिवाळी, मग सीतादहीची पूजा करून कापसाची पहिली वेचणी. शहरातल्या माणसाने बनवलेल्या वेळापत्रकाला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून ते भिंतीवर चिकटवण्याआधी पेन्सिल घेऊन बसावं, विश्रांतीचे आठवडे उचलून सोंगणीच्या आणि वेचणीच्या आठवड्यांवर ठेवावेत, लांब धावा मधल्या मोकळ्या रविवारी सरकवाव्यात. सोंगणीच्या त्या सहा दिवसांत किलोमीटरच्या रकान्यात नुसतं ‘सोंगणी’ लिहिलं तरी चालतं.